पाचर

जमिनीचे कागद झाले त्या दिवशी
नोदारकाका वरच्या कडेला उभे राहिले,
आणि त्यांची टोपी खाली गेली
थेट शेजाऱ्याच्या मक्यात.
"घ्या," ते म्हणाले, "हा तुमचा प्लॉट."

जुनं घर मार्चमध्ये सरकलं.
पडलं नाही. सरकलं,
कपबश्यांसकट, चार हात खाली,
जणू बाकावर कुणी म्हणावं
जरा सरकून घेता का.
सरकारी माणसानं भिंतीवर लाल आकडा टाकला.
खुलोतली सात घरं सपाटीवर गेली.
आई नाही म्हणाली.
"तिथे पाण्याला कळत नाही कुठे जायचं ते.
मग मला कसं कळणार?"

बातुमीहून इंजिनियर आली, मुलगीच,
पातळ तळव्यांचे बूट, हातात कागदाची सुरळी.
डोंगर कापा, म्हणाली, नाहीतर घराला पाय द्या.
मुरमान फोनवर, तुर्कस्तानातून: कापा. खाली गॅरेज होईल.
मी: पाय.
तो: पैसे माझे आहेत.
मी: पाठ माझी आहे.
दोन महिने हेच. रेंज गेली की भांडण तिथेच,
रेंज आली की त्याच वाक्यापासून पुढे.

(नवऱ्याच्या घरून मी दोन खोकी घेऊन आले होते.
ती अजून जेमालच्या गोठ्यात, दोरीनं बांधलेली.
हेही तेव्हा कुणी मोजत नव्हतं.)

शेवटी अर्धं घर डोंगरात रुतलं, अर्धं हवेत.
इंजिनियर हसली नाही. तिनं नव्यानं आकडे मांडले.

आणि आई भर पावसात काठी घेऊन
उतारावर फिरत राहिली.
इथून येतं. इथे थबकतं. इथे रागावतं.
"आधी पाण्याला वाट द्या,
मग माणसांना दार."
पोरीनं तेही लिहून घेतलं,
ओल्या कागदावर, पेन्सिलीनं.

सिमेंट वळणापर्यंत ट्रकनं,
पुढे जेमालच्या बैलांनी, त्याच्यापुढे आम्ही.
दोनशे चौदा पोती. मी मोजली.
एक फुटलं अर्ध्यात,
तिथे अजून गवत उगवत नाही.
ओमारी गवंडी ओळंबा सोडायचा
आणि वारा तो हलवायचा,
ओमारी तसाच वाकून उभा, विडी विझलेली,
वाऱ्याचं बोलून होईपर्यंत.
मग पाणसळ ठेवायचा कडेवर.
हिरव्या पाण्यातला बुडबुडा
इकडे, तिकडे,
आणि मधोमध.
माझ्या आयुष्यात मी पाहिलेली
ती पहिली सपाट गोष्ट.

ऑक्टोबरात राहायला आलो.
पलंग, कपाट, टेबल खेचत आणलं.
आईनं ओच्यातून काढल्या
अक्रोडाच्या लाकडाच्या सहा पाचरी.
जुनं घर कलत गेलं तसतशा
बाबांनी कोरलेल्या, दर खेपेला मागच्याहून जाड.
शेवटची जरा ओबडधोबड,
तेव्हा त्यांचा हात थरथरायचा.

ती गुडघ्यांवर बसली
आणि एकेक पायाखाली सरकवल्या.
"आई, जमीन सरळ आहे."
"असू दे," ती म्हणाली,
"मला काय तिचं."

नाताळच्या सुट्टीत मुरमान आला.
आधी खांबांना हात लावून पाहिलं, मग भिंतीला,
मग पाणसळ मागितली.
जमिनीवर ठेवली: बुडबुडा मधोमध.
टेबलावर ठेवली.
बुडबुडा कोपऱ्यात जाऊन बसला.
तो वाकला, पाचरी पाहिल्या,
सहाव्या पाचरीवरून अंगठा फिरवला
आणि काहीतरी बोलणार तोच
आईनं बोरानोची कढई मधे ठेवली,
वितळलेलं चीज, सोनेरी लोणी,
आणि ते लोणी निवांतपणे
एका कडेला जाऊन साचलं.

मुरमाननं पाणसळ खिडकीत ठेवली.
खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला
आणि उताराच्या बाजूला येऊन बसला,
जिथे लोणी येतं.